हा एम. एस. उपासनी कोण?

लेथकाका,

तुमच्याविरुद्ध मी एकदा पत्रक छापलं होतं. पाचशे प्रती, पिवळा कागद, वर काळ्या जाड अक्षरांत मथळा. क्रेमेटोरियममध्ये तुमच्याबद्दल बोलायला जे जे उभे राहिले त्यांतल्या कुणालाही हे माहीत नव्हतं. ते तुमच्या साधेपणाबद्दल बोलले. महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांनी तुमचे कष्ट सांगितले. आपल्याला अर्धाच तास मिळाला होता आणि पुढचं कुटुंब बाहेर थंडीत उभं होतं, म्हणून मी बोलले नाही. बाहेर पडताना शैलाकाकूंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, मंडळाच्या अंकात यांच्यावर तू लिही. मग दोन पावलं जाऊन परत वळल्या. "भाषण नको गं लिहूस."

प्रयत्न करते.

माझी चूक आधी सांगून टाकते. वीस वर्षं मी तुम्हाला ओळखत होते आणि तुमचं नाव मला माहीत नव्हतं. इथे इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत जन्मलेल्या आम्हा मुलांना मंडळातली सगळी मोठी माणसं काका नाहीतर काकू. एक दाढीवाले काका, एक लेस्टरवाले काका, एक गुलाबजामवाल्या काकू. आडनाव विचारायची वेळ कधी येतच नाही. तुमच्या वर्कशॉपच्या माळ्यावर दर रविवारी आमचा मराठीचा वर्ग भरायचा, खाली तुमचं लेथ मशीन. धडा नीट वाचला की तुम्ही खाली नेऊन आमच्यासमोर पितळेचा भोवरा कातून द्यायचात. म्हणून लेथकाका. माझ्या फोनमध्येही तुम्ही लेथकाकाच आहात. अजूनही.

ही चूक किती महागात पडू शकते हे मला पाच वर्षांपूर्वी कळलं. तेव्हा मी भाडेकरूंच्या संघटनेत नुकतीच लागले होते. पत्रक काढायचं, दारं वाजवायची, मालकाचं नाव चव्हाट्यावर आणायचं, हे माझं शिक्षण. रिंग रोडजवळची ती जुनी ऑफिसची बिल्डिंग माझ्या वाट्याला आली. मालकाने मध्ये पातळ भिंती घालून एकोणीस फ्लॅट पाडले होते. त्यांना फ्लॅट म्हणायचं कारण भाडं फ्लॅटचं होतं. लिफ्ट तीन महिने बंद. चौथ्या मजल्यावर ग्रेस राहायची. केअर होममध्ये कामाला, पदरात दोन मुली, मुलींची शाळा समोरच्या रस्त्याला. एक दिवस बिल्डिंगच्या दारावर वकिलाचा कागद लागला. मालकाने ह्या बिल्डिंगवर कर्ज काढलं होतं आणि हप्ते थांबवले होते. कर्ज देणारे आता बिल्डिंग विकून पैसे वसूल करणार. ग्रेसने मला एकच प्रश्न विचारला: विकणार म्हणजे आम्हाला काढणार ना?

मी लँड रजिस्ट्रीतून कागद काढला. कर्ज देणारी बँक नव्हती. एका छोट्या कंपनीच्या पेन्शन योजनेचे तीन ट्रस्टी होते. पत्ता कुठल्याशा अकाउंटंटचा, आणि तिघांत पहिलं नाव एम. एस. उपासनी.

मला काय आनंद झाला होता. खलनायक सापडला आणि तो आपल्यातलाच निघाला. त्याच दिवशी मी मथळा लिहिला: हा एम. एस. उपासनी कोण? आणि त्याखाली, आमच्या भाड्यावर याचं म्हातारपण का पोसायचं? दिवाळीचा कार्यक्रम त्याच शनिवारी होता. मंडळात सगळ्यांना ओळखणारा माणूस एकच, म्हणून हॉलमध्ये शिरल्या शिरल्या तुमच्याकडेच आले. तुम्ही टेबलामागे उभं राहून चिवड्याच्या प्लेटी भरत होतात.

मी विचारलं, "काका, हा माणूस आपला दिसतोय. ओळखता का?"

तुम्ही हात पुसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि पत्रक डोळ्यांजवळ धरून अख्खं वाचलं. मागची बाजूसुद्धा.

"ओळखतो."

"कसा आहे?"

"हिशोबी आहे. अगदीच वाईट नाही, असं त्याच्या बायकोचं म्हणणं."

शेजारून काकूंनी विचारलं, अहो, काय वाचताय एवढं. तुम्ही म्हणालात, "माझ्याबद्दल आलंय छापून," आणि पत्रक त्यांच्याकडे दिलंत.

त्यानंतर मी काय बोलले ते आठवत नाही. तुम्ही मात्र किती छापली, वाटली का, असं शांतपणे विचारून घेतलंत. उद्या वाटणार आहे म्हटल्यावर म्हणालात, खुशाल वाट, पण एक चूक दुरुस्त कर. तू घाईत लिहिलंयस की पेन्शनने बिल्डिंग विकत घेतली. घेतलेली नाही, घेताच येत नाही. चुकीचं छापशील तर समोरचा वकील तुझं हसं करेल. सकाळी वर्कशॉपच्या युनिटवर ये, समजावतो. आणि माझ्या हातात चिवड्याची प्लेट ठेवलीत.

आपल्याविरुद्धचं पत्रक कुणी असं तपासून देतं का हो?

रविवारी वर्ग सुटल्यावर तुम्ही माळ्यावरच्या फळ्यावर मला सगळं मांडून दाखवलंत, आणि त्या दिवशी मी जे शिकले ते कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. तुमच्या छोट्या कंपनीची स्वतःची पेन्शन योजना होती. त्या पेन्शनच्या पैशातून तुम्ही वर्कशॉपची जागा विकत घेतलीत, आणि कंपनी दर महिन्याला त्या पेन्शनला भाडं द्यायची. "मी माझ्याच म्हातारपणाचा भाडेकरू आहे," असं तुम्ही म्हणालात आणि स्वतःवरच खूश झालात. अशा पेन्शनला वर्कशॉप घेता येतं, दुकान घेता येतं, ऑफिस घेता येतं. घर घेता येत नाही. घेतलं तर सरकार इतका टॅक्स लावतं की हातात काही उरत नाही. पण घरं असलेल्या बिल्डिंगवर परक्या माणसाला कर्ज द्यायला बंदी नाही. साठलेला पैसा तुम्ही एका ब्रोकरमार्फत त्या मालकाला दिला होता. कागद चोख होते. पहिला हक्क तुमचा, विमा, व्हॅल्युएशन, सगळं.

मी विचारलं, कशाला पडलात यात? बँकेत ठेवायचे. तेव्हा तुम्ही डस्टर झटकत राहिलात. मग सांगितलंत की मंदीच्या वर्षी मशीनसाठी तुम्ही तीन बँकांत गेला होतात आणि तिन्हींनी दारातून परत पाठवलं होतं. "कुणाला तरी पैसे देणारा आपण व्हावं, असं वाटलं. चांगलं वाटत होतं."

याच्यावर मी विरघळायला हवं होतं. मी विरघळले नाही. मी म्हटलं, काका, तुमच्याकडे काम आलं की नुसत्या ड्रॉइंगवर तुम्ही ऑर्डर घेत नाही. जुना पार्ट हातात घेता, नख फिरवता, मग बोलता. इथे तुम्ही फक्त ड्रॉइंग पाहिलंत. आत कोण राहतं ते बघायला गेला नाहीत.

दुसरा कुणी असता तर मला बाहेर काढलं असतं. तुम्ही कोट घातलात.

चार मजले तुम्ही चढलात. दुसऱ्या मजल्यावर थांबून कठड्याला धरून उभे राहिलात आणि मी घाबरून पाणी शोधू लागले, तर म्हणालात की दम लागलेला नाही, जिन्याचं दार नीट मिटत नाही ते बघतोय. दोन्ही खरं होतं. ग्रेसच्या घरात तुम्ही खिडकी उघडून पाहिलीत, ती उघडली नाही. भिंतीवर हात फिरवून तो पँटला पुसलात. ग्रेसने चहा दिला. तिला वाटलं मी कौन्सिलचा, म्हणजे नगरपालिकेचा माणूस आणलाय. तुम्ही कप खाली ठेवून तिला इंग्लिशमध्ये सरळ सांगितलंत की ह्या बिल्डिंगवर पैसे देणारा मी.

ग्रेस म्हणाली, "तुम्ही बँक? बँका चार जिने चढून येत नाहीत." आणि लगेच, हसू पुसून: "मला एवढंच सांगा, मुलींची शाळा बदलावी लागणार का?"

मी तुमच्या जागी असते तर नाही म्हणून मोकळी झाले असते. तिला बरं वाटावं म्हणून. तुम्ही म्हणालात, मला आज माहीत नाही. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी मी स्वतः येऊन सांगेन.

परतताना बसमध्ये मी चिडले होते. एवढंही आश्वासन देता येत नाही? तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, देता येतं, पाळता यायला हवं.

मग ते भांडण. ब्रोकरचा सल्ला होता की बिल्डिंग रिकामी करा आणि लिलावात काढा, रिकाम्या बिल्डिंगला गिऱ्हाईक पटकन मिळतं. माझं म्हणणं होतं की कर्ज सोडून द्या. अर्धं तरी सोडा. तुमचं घर आहे, सरकारी पेन्शन आहे, मुलगा टोरोंटोत नीट आहे. तुम्ही आधी ऐकून घेतलंत. मग तुमचा आवाज चढला, जो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"माझं म्हातारपण तुला वाटून टाकायचंय, टाक. केविनचं कुणाला विचारून वाटतेस?"

केविन म्हणजे तुमच्या आणि काकूंच्या जोडीचा तिसरा ट्रस्टी. तीस वर्षं तुमच्याबरोबर मशीनवर उभा राहिलेला. त्याला पगारवाढ देता येत नव्हती त्या वर्षांत तुम्ही त्याला पेन्शनमध्ये घेतलं होतंत. हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत झाल्यावरही मी थांबले नाही. मी म्हटलं, तुमच्यात आणि त्या मालकात फरक एवढाच की तुम्ही चष्मा लावता.

काका, ते वाक्य मी कधी मागे घेतलं नाही. नंतर पाच वर्षं आपण भेटत होतो, तुम्ही मला "आले का मोर्चेकर" म्हणत होतात, काकू डबा देत होत्या, आणि दर वेळी मला वाटायचं की आज म्हणू. तुम्ही विसरला असाल अशी समजूत मी करून घेतली. तुम्ही काहीच विसरत नव्हतात. आता म्हणते. ते खोटं होतं, आणि बोलताना मला ते खोटं आहे हे कळत होतं.

त्या आठवड्यात तुम्ही केविनला युनिटवर बोलावलंत. तुम्ही, काकू आणि तो, तिघे स्टुलांवर, मी दाराशी. तुम्ही काही लपवलं नाही. बिल्डिंग कशी आहे, लिफ्ट, ग्रेस, शाळा, ब्रोकरचं म्हणणं, माझं म्हणणंसुद्धा, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. मी मनात केविनशी लढायची तयारी करून आले होते. त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली आणि सांगितलं की तो जन्मभर भाड्याच्या घरात राहिलाय, दोनदा नोटीस मिळालीय, एकदा बायको पोटुशी असताना. मग म्हणाला, माझ्या म्हातारपणासाठी मी त्या बाईला बाहेर काढणार नाही. पण माझं म्हातारपण मी तिला देणारही नाही. मधला रस्ता तू शोध, मधू, तू हुशार आहेस.

तेव्हा मला तुमचं पहिलं नाव कळलं. मधुकर. कागदावर नुसता एम होता.

मधला रस्ता तुम्ही शोधलात. बिल्डिंग ताब्यात घ्यायची नाही, कारण घरं पेन्शनच्या ताब्यात आली की टॅक्सचा बडगा. त्याऐवजी रिसीव्हर नेमायचा, म्हणजे मालकाच्या जागी कारभार बघणारा माणूस. भाडेकरू होते तिथेच राहणार. भाडं त्याच्याकडे जमा होणार, आणि त्यातून सगळ्यात आधी लिफ्ट. भाडेकरूंना एक वर्ष. तेवढ्यात त्यांनी सहकारी संस्था काढून बिल्डिंग विकत घ्यायची, भाडेकरू आत असताना व्हॅल्युअर जी किंमत ठरवेल त्या किमतीला. मी ताबडतोब घासाघीस सुरू केली. तुम्ही म्हणालात, एक पौंड कमी घेणार नाही, आणि वर्ष संपायच्या एक दिवस आधी दुसऱ्याला विकणार नाही. याच्यापुढे बोलायचं नाही.

याच्यापुढे मी बरंच बोलले, पण तुम्ही हलला नाहीत.

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात उपयोगी वर्ष. एकोणीस घरं, सात भाषा, दर मंगळवारी ग्रेसच्या घरात मीटिंग. ओरडायचं कसं हे मला येत होतं. कर्जाचा अर्ज कसा लिहायचा हे येत नव्हतं. घरांच्या सहकारी संस्थांना कर्ज देणारी एक संस्था आम्ही शोधली, आणि तिच्यासाठी मी पहिला मसुदा लिहिला तो पत्रकासारखाच होता. तुमच्याकडे घेऊन आले. खरं तर हे विचित्रच. विकणाऱ्याकडून खरेदीचा अर्ज तपासून घ्यायचा. तुम्ही म्हणालात, किंमत व्हॅल्युअर ठरवणार, मग मला काय फरक पडतो, आण. पेन्सिल घेऊन बसलात. रागाचं प्रत्येक वाक्य खोडलंत, आणि वर सांगितलंत की राग चुकीचा नाही, जागा चुकीची आहे. ह्या लोकांना भाडं किती येतं, छताला किती लागेल, एखादं घर रिकामं पडलं तर काय करणार, ते सांग. तुझ्यावर विश्वास ठेवायला त्यांना कारण दे.

मी आजही कुठलाही कागद लिहिताना आधी सगळा राग लिहून घेते, आणि मग पेन्सिल काढते.

आणखी एक गोष्ट तुम्ही मला सांगितली नाहीत. परवा काकूंकडून कळली. नवव्या महिन्यात ब्रोकरने गिऱ्हाईक आणलं होतं. बिल्डिंग रिकामी करून द्या, लगेच रोख. तेव्हा आमचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता आणि मी दोन आठवडे तुमचा फोन उचलत नव्हते. काकू म्हणाल्या, मी ह्यांना म्हटलं, घेऊन टाका, जीवाला घोर नको. त्यावर तुम्ही म्हणे कॅलेंडर दाखवलंत. तीन महिने बाकी आहेत. बस. केविनला फोन केलात, त्यानेही नाही म्हटलं. मला मात्र तुम्ही एवढाच मेसेज पाठवला होता की छताचं कोटेशन दुसऱ्याकडूनही घे.

अकराव्या महिन्यात कर्ज मंजूर झालं. सह्या झाल्या त्या दुपारी तुम्ही कुणाला न सांगता बिल्डिंगवर गेलात. मी नंतर धावत पोचले तेव्हा तुम्ही ग्रेसच्या दारात उभे होतात. आत यायला तयार नव्हतात, बूट ओले होते म्हणून. तुम्ही तिला म्हणालात, "मुलींची शाळा बदलायची नाही." एवढंच, आणि टोपी घालून निघालात. ग्रेस दाराला टेकून रडली आणि तुम्ही लिफ्टची वाट बघत पाठमोरे उभे. मला दिसत होतं की तुम्हीही रडताय. अशा वेळी गप्प बसायचं असतं हेही तुमच्याकडूनच शिकले.

पण काका, मूळ भांडण संपलं नाही. मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं की कुणाचं घर हे दुसऱ्याच्या म्हातारपणाची सोय असू नये. तुम्ही म्हणायचात, आम्ही इथे आलो तेव्हा मागे ना शेत होतं, ना भाऊ. नोकरी गेली तर कोण? आजारी पडलो तर कोण? विटांवर विश्वास ठेवला, कारण विटा डोळ्यांना दिसतात. मी म्हणायचे, विटांच्या आत माणसं असतात. तुम्ही म्हणायचात, कळलं, एकदा सांगितलंस ना. मग तुमचा हुकमी पत्ता यायचा: तू स्वतः पेन्शन सुरू केलीस का? मी नोकरीवरची पेन्शन नाकारली होती, निषेध म्हणून, कारण तो पैसा कुठे कुठे लागतो हे मला माहीत होतं. तुम्हाला याचा इतका राग यायचा. म्हणायचात, निषेध सत्तराव्या वर्षी खाता येत नाही.

दीड वर्षापूर्वी मी ती सुरू केली. तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही जिंकला असतात, आणि मला अजून वाद घालायचा होता. वाटलं होतं, पुष्कळ वेळ आहे.

मागच्या आठवड्यात काकूंनी घरी बोलावलं. टेबलावर एक फॉर्म होता. ट्रस्टींमधली एक जागा आता रिकामी आहे, आणि काकू आणि केविन दोघांनाही तिथे मी हवी होते. मी म्हटलं, काकू, मी यातलं काय काय मानत नाही ते तुम्हाला माहीत आहे. काकांनी सांगितलं होतं का माझं नाव? त्यांना राग आला. "त्यांनी कशाला सांगायला हवं? मी सांगतेय. मला पुढची वीस वर्षं ह्यावर काढायचीत. तोंडावर नाही म्हणणारं कुणीतरी हवं."

मी सही केली, काका. पहिल्याच दिवशी ब्रोकरचा फोन आला. त्या बिल्डिंगचे परत आलेले पैसे बँकेत नुसते पडून आहेत म्हणे, आणि त्याच्याकडे एक चांगलं प्रपोजल आहे, लूटनजवळ, घरंच आहेत. मी विचारलं, आत कोण राहतं? फाइलमध्ये नाही, म्हणाला. मी नाही म्हटलं. फोन ठेवताना मला फार बरं वाटलं. पत्रक वाटून झाल्यावर वाटतं तसं.

काकू चहा गाळत होत्या. त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, बरं, मग कुठे ठेवायचे?

केविनचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, काकूंचं हीटिंगचं बिल आहे, महागाई वाढतेच आहे, आणि माझ्याकडे कशाकशाला नाही म्हणायचं याची लांबलचक यादी. हो कशाला म्हणायचं, हे मी कधी शोधलंच नव्हतं. ते काम तुमचं होतं. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्हाला उत्तर माहीत आहे, म्हणून तुम्ही माझ्यासमोर इतके शांत बसता. काकूंच्या त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा वाटलं की तुम्हालाही माहीत नसावं. माहीत नसतानाही तुम्ही माझ्याशी भांडत राहिलात, माझं ऐकत राहिलात, आणि दर वेळी दारापर्यंत सोडायला आलात. त्यासाठी आभार, काका. काकूंना मी सांगितलंय की मला माहीत नाही, आणि कळेल तेव्हा मी स्वतः येऊन सांगेन.